गाळणी तुंबली, पण नेमकी कुठे?

वाचक विचारतात

या महिन्यात नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच गोष्टीची निघाली: सांडपाण्याच्या तळ्यामागची दगडी गाळणी, म्हणजे रॉक फिल्टर. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. तळ्यात मैलापाणी उन्हाने आणि जिवाणूंनी निवळतं, पण शेवटच्या तळ्यातलं पाणी हिरवंच राहतं, कारण त्यात सूक्ष्म शेवाळ तरंगत असतं. ते पाणी मुठीएवढ्या ते नारळाएवढ्या दगडांनी भरलेल्या हौदातून आडवं, अगदी सावकाश नेलं की शेवाळ दगडांवर बसतं आणि तिथेच कुजून जिरतं. अमेरिकेत ओरेगनमधलं व्हेनेटा आणि मिसुरीतलं कॅलिफोर्निया (हो, गावाचं नाव तेच) या छोट्या गावांनी १९७० च्या दशकात अशा गाळण्या बांधल्या. बसलेलं जितकं जिरतं त्यापेक्षा जास्त येऊ लागलं की गाळणी तुंबते. बाकी सगळे तपशील.

प्रश्न: आमच्या गृहसंकुलाचं रोजचं सांडपाणी ४५ हजार लिटर. दोन तळी, मग १६ मी. लांब, ५ मी. रुंद, दीड मी. खोल दगडी गाळणी. सात वर्षं काही केलं नाही. दोन महिन्यांपासून तोंडाकडच्या बाजूला पाणी दगडांच्या वर येऊन साचतं, डास झालेत. ठेकेदार म्हणतो, वरून जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याचा फवारा) मारून एका दिवसात मोकळी करून देतो. करू द्यावं का? (गिरणारे रस्ता)

उत्तर: नको. वरून जेट मारला की वरचे दगड लखलखीत दिसतील, ठेकेदार बिल लावील, आणि सुटलेला गाळ दगडांच्या फटींतून तळाशी जाऊन बसेल. पाणी आडवं जातं तेव्हा तळाचा थरही वरच्याइतकाच कामाचा असतो. असा तळाशी गेलेला गाळ नंतर सहजासहजी निघत नाही.

आधी तुंबलंय कुठे ते पाहा. तोंडापासून दर ३-४ मीटरवर ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, खालच्या अंगाला भोकं पाडून, दगडांत उभा रोवायचा. सात वर्षांपूर्वीच बसवले असते तर उत्तम. आता पहारीने दगड सारून तरी बसवा. पाइपातली पाण्याची पातळी एकाच खुणेपासून मोजा. निरोगी गाळणीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळीचा फरक जेमतेम दोन-चार सेंटिमीटर असतो. तुमच्याकडे बहुधा पहिल्या दोन पाइपांमध्येच वीसेक सेंटिमीटरची पायरी दिसेल आणि पुढचे सगळे पाइप सारखे असतील. तसं असेल तर दोष पहिल्या चार मीटरचा आहे. सगळे पाइप सारखेच वर चढलेले दिसले तर दगड निर्दोष असतील, निकासाची नळी किंवा तिच्यापुढचं चेंबर कोंदलेलं असेल. असंही होतं, आणि तेवढ्यासाठी लोक दगड उपसतात.

दुसरी तपासणी पोकळीची. तुमचा हौद ८० चौ. मी.चा. स्वच्छ दगडांत साधारण ४२ टक्के पोकळी असते, म्हणजे पातळी १० सेंमी उतरवायला ३,४०० लिटर उपसावं लागतं. पंप तासाला १० हजार लिटर देतो असं धरू (२०० लिटरचं पिंप ७२ सेकंदांत भरलं पाहिजे, मोजून बघा). दर १० सेंमीला २० मिनिटं लागायला हवीत. दर टप्प्याला पंप बंद करून दहा मिनिटं थांबा, पातळी सारखी होऊ द्या आणि मग मधल्या पाइपात मोजा. वरचे टप्पे २० मिनिटांचे आणि खालचे १० मिनिटांचे निघाले, तर तळाची निम्मी पोकळी गाळाने खाल्ली आहे असं समजा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी याच्याशीच ताडायचं आहे.

आता सफाई. होळी ते अक्षय तृतीया हा काळ सर्वांत सोयीचा: पाऊस नाही, ऊन कडक, गाळ लवकर वाळतो. सहा दिवस गाळणी बंद राहील, म्हणजे २७० घनमीटर पाणी तळ्यात थोपवावं लागेल. तुमचं शेवटचं तळं १५०० चौ. मी.चं असेल तर पातळी १८ सेंमी चढेल. तेवढी ती आदल्या आठवड्यात उतरवून ठेवा, नाहीतर बांधावरून पाणी जाईल.

पाणी उपसायचं ते तोंडाकडूनच. लोक सवयीने निकासाकडच्या चेंबरमध्ये पंप टाकतात आणि तोंडाशी साठलेला सगळा गाळ चांगल्या दगडांतून ओढत नेतात. तोंडाशी विहीरवजा जागा नसेल तर जेसीबीने दीड मीटरचा पट्टा उघडा, त्यात दीड फुटी डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचा, बाहेरून वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा) पाइप, २५ मिमीची भोकं पाडून, उभा करा, भोवती दगड परत लोटा आणि त्यात मड पंप सोडा. उपसलेलं पाणी पहिल्या तळ्याच्या तोंडाशी न्यायचं. शेवटच्या तळ्यात नाही, नाल्यात तर मुळीच नाही. तो काळा गाळ प्राणवायू इतक्या वेगाने खातो की नासर्डीसारख्या उथळ ओढ्यातले मासे काही तासांत पालथे होतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात तुमचा निकास नोंदलेला असेल, तेव्हा गाळणी बंद ठेवण्याचे दिवस मंडळाला आधी लेखी कळवा.

रिकामी झालेली गाळणी दोन-तीन दिवस तशीच उघडी राहू द्या. दगडांवरचा बुळबुळीत थर वाळून पापुद्र्यासारखा सुटतो. मग निकासाच्या बाजूने स्वच्छ पाणी आत घ्या. विहिरीचं असलं तर बरं, तळ्याचं घेतलंत तर नवं शेवाळ भराल. हौद भरला की तोंडाच्या विहिरीतून होईल तितक्या वेगाने उपसा; तासाला ३०-४० हजार लिटर देणारा पंप भाड्याने आणा, छोट्या पंपाने गाळ हलत नाही. एका भरण्याला ४०-५० हजार लिटर लागतील. असं तीन-चार वेळा. दर वेळी उपशाचं पाणी लिटरच्या पारदर्शक बाटलीत अर्धा तास ठेवा. बसलेला गाळ पहिल्या फेरीच्या दहाव्या भागावर आला की थांबा.

यात हवेची जोड दिली तर काम निम्म्यावर येतं. विहिरीत सुरुंगाची भोकं पाडायला जो ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर येतो तोच बोलवा. २० मिमीचा दोन मीटरचा जीआय पाइप, टोक ठेचून बंद केलेलं, शेवटच्या ३० सेंमीत ५-६ मिमीची दहा-बारा भोकं. हौद भरलेला असताना हा पाइप दर ६०-७५ सेंमीवर दगडांत खुपसायचा. दगड आडवा आला तर वितभर सरकायचं, ठोकायचा नाही. दाब एक ते दोन किलोवर बांधून ठेवा. तळापासून २० सेंमी वर थांबा, कारण खाली अस्तराचा कागद असतो. पाणी उकळल्यासारखं काळं होऊन वर येऊ लागलं की लगेच उपसा सुरू करायचा, नाहीतर गाळ परत बसतो. निकासाकडून सुरू करून तोंडाकडे सरकत या.

एवढं करूनही पहिले चार मीटर मोकळे झाले नाहीत तर तेवढाच भाग उपसा. ४ × ५ × १.५ म्हणजे ३० घनमीटर, साडेदहा ब्रास. सगळे ४२ ब्रास उपसायची गरज सात वर्षांत सहसा पडत नाही. ४० मिमीच्या तिरप्या चाळणीवर दगड ओतून तिथे जेट मारा (जेटिंगची जागा ही). धुण्याचं पाणी चर काढून पहिल्या तळ्यात जाऊ द्या. बादलीच्या दातांनी अस्तर फाटू नये म्हणून तळाचे २५ सेंमी दगड हलवू नका, ते जागेवरच धुवा. चाळणीखाली पडलेला चुरा परत टाकू नका. त्याच्याऐवजी एक-दीड ब्रास नवा दगड लागेल.

सुरू करताना पहिल्या दोन-तीन दिवसांचं पाणी पहिल्या तळ्यातच परत घ्या आणि आठवडाभर निम्माच प्रवाह ठेवा. दगडांवर जिवाणूंचा नवा थर धरायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर पाणी थोडं हिरवट येईल. घाबरू नका. निकासाची पातळी मात्र अशी बांधा की पाणी दगडांच्या माथ्याखाली १० ते १५ सेंमी राहील. डास अंडी घालतात ते उघड्या पाण्यात.

आणि ही गोष्ट ठेकेदाराला वाचून दाखवा. काळा गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि चेंबरमध्ये साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला की वायू गेला असं मुळीच नाही. गॅस मीटर १० पीपीएमला वाजला की सगळ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. पंप साखळीने सोडायचा, साखळीने काढायचा. रुमाल बांधून उतरतो म्हणणारा असतोच. गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि रुमाल हे साधन नव्हे.

प्रश्न: आमची वायनरी आहे. हंगामात गाळणीवर पांढरट-राखाडी लगदा येतो, एप्रिलपर्यंत पूर्ण तुंबते. दरवर्षी उपसणं परवडत नाही. (दिंडोरी)

उत्तर: लगदा चिमटीत घेऊन चोळा. बुळबुळीत, ताणला जाणारा असेल तर तो जिवाणूंचा चिकट थर. जानेवारी ते मार्च द्राक्षं गाळताना आंबट आणि साखरेचं पाणी तळ्याला झेपत नाही आणि न पचलेली साखर गाळणीपर्यंत पोचते. हा थर उपसायची गरज नाही. हंगाम संपला की गाळणी रिकामी करून एप्रिल-मे महिना उन्हात उघडी टाका, थर पापडासारखा सुटेल. जूनच्या आधी वर सांगितल्याप्रमाणे दोनदा भरून उपसा. तुमच्याकडे नऊ महिने काम कमी असतं, त्या सुट्टीचा हा फायदा.

चिमटीत खडूच्या भुकटीसारखा लागला तर गोष्ट वेगळी. लोखंडी तव्यावर चिमूटभर घेऊन खालून चांगली आच द्या. सेंद्रिय गाळ जळतो, धूर आणि वास येतो. फिल्टर प्रेसमध्ये वापरतात ती डायटोमाइटची पावडर मात्र जशीच्या तशी पांढुरकी उरते. ती कुजत नाही, वाळून सुटत नाही, हवेनेही नीट हलत नाही. तिला उपसण्यावाचून इलाज नाही, म्हणून ती गाळणीपर्यंत येताच कामा नये. फिल्टरचा लगदा कोरडाच खरवडून पिशवीत भरा, पाइप लावून मोरीत ढकलू नका. सालं आणि बिया १ मिमीच्या जाळीवर थांबवा. आंबट पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) तळ्याच्या आधी चुन्याने सातच्या जवळ आणा. पण चुनकळीची निवळी न करता कच्चा चुना टाकाल तर तोही शेवटी दगडांतच जाऊन बसतो.

प्रश्न: आश्रमशाळेच्या गाळणीतून काळसर, वास मारणारं पाणी येतं. तळ्यातलं पाणी हिरवं पण बिनवासाचं आहे. तुंबली का? (पेठ तालुका)

उत्तर: पाण्याच्या पातळीत पायरी नसेल तर तुंबलेली नाही. दगडांच्या आत अंधार असतो, शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट ते कुजताना असलेला प्राणवायू संपतो. मग सल्फेटचं सल्फाइड होतं, पाणी काळवंडतं. साध्या दगडी गाळणीचा हा स्वभावच आहे. तिच्यातून अमोनियाही कमी होत नाही, कधी थोडा वाढूनच बाहेर पडतो. निकासाला १५-२० सेंमीच्या चार-पाच पायऱ्या बांधून पाणी त्यांवरून पातळ पसरून पाडा. वास तिथेच सुटणार, म्हणून पायऱ्या भोजनगृहाच्या वाऱ्यावर नकोत. वीज भरवशाची असेल तर निकासाकडच्या अर्ध्या भागात तळाशी भोकांचे पाइप टाकून छोट्या ब्लोअरने हवा सोडता येते. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाने अशा हवेच्या गाळण्यांवर काम केलं, त्यांत अमोनियासुद्धा उतरला.

तुमच्याकडे आणखी एक कारण दिसतं: दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी. मुलं गेली की प्रवाह थांबतो आणि हौदातलं पाणी महिनाभर तसंच सडतं. सुट्टी लागली की गाळणी रिकामी करा, पाणी पहिल्या तळ्यात टाका.

प्रश्न: नवा दगड कोणता घ्यावा? खाणवाला ४० एमएमची खडी स्वस्तात देतो. (सिन्नर)

उत्तर: ४० ची खडी घेऊ नका, फटी लहान, दोन वर्षांत बंद होतील. ७५ ते १५० मिमीचा, एकाच मापाकडे झुकणारा काळा दगड घ्या. ८० एमएम मेटल आणि सोलिंग यांच्या मधला माल मागा आणि क्रशरची धूळ चाळून द्यायला सांगा. लहान-मोठा मिसळ माल नको, कारण लहान दगड मोठ्यांच्या फटी भरतो.

आपल्याकडे खडक काळाच, पण सगळा सारखा नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा, हातोडी मारली की भद्द आवाज करणारा मांजऱ्या दगड टाळा. तुमच्याच गावच्या गारगोटी संग्रहालयात जे झिओलाइटचे झुपके लोक तिकीट काढून पाहतात, तीच खनिजं या ठिपक्यांत असतात. दिसायला देखणी, पण असा खडक झिजलेला असला की ओला-सुका होत राहून त्याचा भुगा होतो. पारख सोपी आहे. टणक दगड हातोडीला खणकन वाजतो. दहा दगड रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी एकमेकांवर घासा, बादलीतलं पाणी चहासारखं झालं तर गाडी परत पाठवा.

प्रश्न: ब्लीचिंग पावडर, ॲसिड किंवा बाजारात मिळणारी कल्चर पावडर टाकून गाळणी मोकळी होते का? (नाशिक रोड)

उत्तर: ॲसिड काळ्या गाळावर पडलं की त्यातल्या सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो, हाताळणाराच आधी पडतो. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर क्लोरीन. नुसती ब्लीचिंग पावडर गाळातच खर्च होते, उरली तर दगडांवरचे कामाचे जिवाणू मारते. कल्चर पावडरीत जे जिवाणू असतात ते मैलापाण्यात मुळातच कोट्यवधींनी असतात. आणि माती, चुरा, मुळं यांना कुठलंच कल्चर खात नाही. पैसे वाचवा. दगडांवर पांढरा कडक थर असेल तर तो बहुधा चुनखडीचा. दुपारी शेवाळामुळे तळ्याचा पीएच नऊच्या वर जातो आणि बोअरच्या जड पाण्यातला चुना खाली बसतो. तोही चाळणीवर जेटने काढा, न निघणारे दगड बदला.

प्रश्न: गेल्या वर्षी सगळे दगड उपसून धुतले, चार महिन्यांत पुन्हा तेच. (निफाड)

उत्तर: दगड धुतले, पण तळं पाहिलं का? होडीतून किंवा बांधावरून लांब बांबू घ्या, खालच्या दीड मीटरला पांढरं फडकं गुंडाळा, तळाला टेकेपर्यंत हळू उभा सोडा आणि सरळ वर काढा. फडक्यावर गाळाची रेघ स्पष्ट उमटते. पहिल्या तळ्यात गाळ खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत चढला असेल तर तो गाळणीकडे जाणारच. अशा वेळी आधी तळं उपसायचं. एका जागी मोजून भागत नाही. तोंडाशी, मध्ये, कोपऱ्यांत अशा निदान आठ जागा घ्या, कारण तोंडाशी ढीग आणि कोपऱ्यात काहीच नाही असं नेहमी असतं.

मग तळ्यातून गाळणीला पाणी कुठल्या खोलीवरून निघतं ते बघा. उघड्या चरातून वरचंच पाणी जात असेल तर शेवाळाची साय, टिकलीएवढ्या पानांचं डकवीड आणि वाऱ्याने लोटलेला कचरा थेट दगडांत जातो. शेवाळ दिवसा वरच्या अर्ध्या मीटरमध्ये दाट असतं. निकासाला १६० मिमीचा टी (तीन तोंडांचा पाइपजोड) उभा लावून त्याचं खालचं तोंड पृष्ठभागाखाली ६० सेंमीवर न्या, वरचं तोंड हवेसाठी उघडं ठेवा.

गाळणीच्या दगडांत पाणकणीस किंवा लव्हाळा उगवलेला असेल तर नुसता कापू नका, दुसऱ्या आठवड्यात परत येतो. गाळणी रिकामी असताना गड्ड्यासकट उपटा. आणि काठावरच्या सुबाभळीची मुळं ओलाव्याच्या वासाने भिंतीतून आत येतात. हौदापासून पाच-सहा मीटरांत झाड नको.